रेडिएटर पुढं का वर

“पंखा वारा आत घेणार का बाहेर टाकणार, एवढं आधी सांग,” मी म्हटलं. “बाकीचं मागनं.”

मैथिली, माझी धाकटी सून. लग्नानंतरचा तिचा तो दुसरा उन्हाळा. बेदाणा निवडायचं लांबडं टेबल आम्ही शेडवरनं घरात आणलं होतं. त्यावर तिनं धुतलेली चादर अंथरली होती आणि खोक्यांतनं काढलेलं कॉम्प्युटरचं सामान रुखवतासारखं मांडलं होतं. मधोमध काळा लोखंडी पेटारा, एका अंगाला काच. त्याला ती कॅबिनेट म्हणायची. मी पेटाराच म्हणायचे, अजून म्हणते.

“काही पंखे आत घेणार आत्या, काही बाहेर टाकणार.”

“काही म्हणजे? कोण कुठला?”

तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा, म्हणजे माझा विश्वजित, हातात पेचकस धरून उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं.

“तुम्ही म्हणाल तसं लावू,” मैथिली म्हणाली.

झालं. माझं डोकं तिथंच तापलं, पेटारा तापायच्या आधी.

‘तुम्ही म्हणाल तसं.’ मालक गेले तेव्हा विशू पाळण्यात होता. तेव्हापासनं या घरात मी हेच ऐकत आले. दीर म्हणायचे, वहिनी म्हणतील तसं. थोरला म्हणायचा, आई म्हणेल तसं. म्हणता म्हणता पुण्याला गेला, आणि आता दिवाळीला पाहुण्यासारखा मिठाईचा डबा घेऊन येतो. शेडवरच्या बायका, द्राक्षं घेऊन येणारे टेम्पोवाले, सगळ्यांचं तेच. सुरवातीला गोड वाटतं. मग एक वर्ष असं येतं की कळतं, आपण एकटंच बोलतोय आणि बाकीचे भिंतीसारखे आपलाच आवाज परत देतायत.

ते वर्ष मैथिली यायच्या आधीच आलं होतं. एप्रिलात माल जाळीवर सुकत होता आणि मी म्हटलं, वारा चांगला आहे, पडदे वर गुंडाळा. सर्जेराव भाऊजींनी दक्षिणेला आभाळ काळं झालेलं बघितलं होतं. विशूनं मोबाईलवर बघितलं होतं. दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, कारण ‘वहिनी म्हणाल्या’. दिवस मावळायच्या आत गारांसकट पाऊस आला. पाचूसारखा हिरवा माल शेणासारखा झाला. त्या दिवशी दोघांनाही मी जेवायला वाढलं नाही. चूक माझी होती म्हणता? असेल. पण मला डोळे दोनच आहेत, घरात सहा होते.

तर तसल्या घरात ही पोरगी आली. इचलकरंजीची. वडलांचे माग. खटखटाटात वाढलेली, म्हटलं आवाज तरी मोठा असेल. कुठलं काय! बोलायची ती मांजराच्या पावलानं. आणि काम काय करायची? तर सिनेमात जे पाणी, धूर, आग दाखवतात, ते सगळं खोटं असतं म्हणे, आणि ते खोटं कॉम्प्युटरवर बनवायचं.

“धूर करायला कॉलेजात गेलीस?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. “मला सांगायचंस, ओल्या शेणी दिल्या असत्या.”

ती नुसती हसली होती. तेच तर. तिनं म्हणायला पाहिजे होतं, आत्या, तुमच्या धुराला पगार मिळत नाही, माझ्या धुराला मिळतो. मी वाट बघत होते. म्हणाली नाही.

आदल्या वर्षी ती मांडीवरच्या कॉम्प्युटरवर काम करायची. मार्च लागला, आमचं बेदाण्याचं सुरू झालं आणि तो बंद पडायला लागला. सांगलीच्या दुकानातल्या माणसानं उघडून सांगितलं, आत सगळं काळं पडलंय. आम्ही म्हटलं, उन्हाळा सोसला नाही. तिची पुण्याची कंपनी कुरकुरायला लागली. आता त्यांनी शेवटचं सांगितलं होतं: एका नदीच्या पुराचं काम देतो, आठ दिवसांत घरून पुरं केलंस तर यापुढं घरूनच कर. नाही झालं, तर एक मेपासनं पुण्यात हजर व्हायचं.

बायको पुण्याला गेली की विशू काय इथं भाकरी थापत बसणार? तोही जाणार. मग घरात मी आणि सर्जेराव भाऊजी. भाऊजींनी तर आतापासनंच सुरू केलं होतं, “वहिनी, शेड कुणाला तरी चालवायला देऊ या का? म्हणजे तुम्ही म्हणाल तसं.”

मी कुणाला राहा म्हणणारी बाई नव्हे. जायचं त्यानं जावं, दार मोठं आहे. पण त्या रविवारी विशूनं सांगलीहून ही सगळी खोकी आणली, तेव्हा कणीक मळायची सोडून मी टेबलापाशी येऊन बसले, एवढं खरं.

“हे काय?” मी एक चपटी काळी जाळी उचलली. तिला दोन नळ्या होत्या आणि नळ्यांच्या टोकाला एक गोल डबी.

“रेडिएटर,” विशू म्हणाला.

“ट्रॅक्टरला असतो तो?” भाऊजी पुढं सरकले. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. आतापर्यंत त्यांना त्या सामानात ओळखीचं काहीच दिसलं नव्हतं, आता भाचा भेटल्यासारखा चेहरा झाला.

“तसाच,” मैथिली म्हणाली. “ही डबी प्रोसेसरवर बसते. त्याची उष्णता पाणी घेतं, पाणी नळीतनं रेडिएटरमध्ये येतं, पंखे त्यावर वारा मारतात आणि ते गार होऊन परत जातं.”

“पंखे किती?”

“रेडिएटरचे तीन. शिवाय कॅबिनेटचे तीन आणि मागचा एक.”

“आमच्या लग्नात एवढे नव्हते,” भाऊजी म्हणाले.

“आणि ही वीट कसली?” मी विचारलं.

“ग्राफिक्स कार्ड. हे सगळ्यात जास्त तापतं. याला स्वतःचे बारके पंखे आहेत, पण ते पेटाऱ्यातलीच हवा घेतात.”

ती पण पेटारा म्हणाली. माझ्या लक्षात आलं, बोलले नाही.

मी पेटाऱ्याभोवती फिरले. पुढं जाळी होती, वरच्या झाकणाला जाळी होती, मागं एक भोक होतं. मी विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, “रेडिएटर पुढं लावा. ताज्या वाऱ्यावर. आणि पेटाऱ्याचं तोंड करा पश्चिमेच्या खिडकीला.”

“ट्रॅक्टरला पुढंच असतो,” भाऊजींनी मान डोलावली.

“आई म्हणते तसंच,” विशूनं पेचकस उचलला.

मैथिलीनं तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघत राहिले. तिची नजर पेटाऱ्याच्या वरच्या झाकणावर गेली, मग माझ्यावर आली, आणि तोंड मिटलं.

“बरं आत्या,” ती म्हणाली.

पश्चिमेचं सांगायला पाहिजे. आमचा माळ मिरजेच्या पलीकडं, कवठ्याच्या अंगाला. झाड कमी, दगड जास्त. पण फेब्रुवारी सरला की पश्चिमेकडनं जो कोरडा वारा सुटतो, त्याच्यावर आमचं घर उभं आहे. शेडचं तोंड मी पश्चिमेला करून घेतलं तेव्हा गाव हसलं होतं. नंतर गावातल्या प्रत्येक शेडचं तोंड पश्चिमेला झालं. खांबाला मी जुन्या साडीच्या चिंध्या बांधते. चिंधी कशी फडफडते यावर जाळीवरची द्राक्षं कधी परतायची, पडदा कुठला सोडायचा, हे ठरतं. बेदाणा सुकला की त्याला गंधकाची धुरी द्यायची, त्याची खोली घर आणि शेडच्या मधे. त्या दिवसांत घरभर आंबूस, झोंबरा वास असतो. बाहेरचे नाक धरतात. आम्हाला तो हंगामाचा वास.

दुपारपर्यंत त्यांचं जोडणं चाललं. मैथिलीला काम करताना मी प्रथमच नीट बघत होते. हात बारीक, पण डळमळत नव्हते. तारा मागच्या बाजूनं अशा ओढून बांधत होती की पुढनं एक दिसू नये. विशूनं एक तार मधनंच नेली, तर तिनं न बोलता ती काढून परत मागनं घातली. म्हटलं, नवऱ्याचं खोडता येतं वाटतं, न बोलता का होईना.

ती खाली वाकली तेव्हा तिची जोडवी दिसली. काळी ठिक्कर.

“इचलकरंजीत रांगोळी मिळत नाही का गं? जोडवी घासावीत जरा. लोक म्हणतील, सासूनं लोखंडाची घातली.”

“घासते आत्या. मार्चमध्ये परत काळी पडतात.”

“चांदी काळीच पडते. माझी देवाची निरांजनं पण पडतात. म्हणून घासायची सोडतात का?”

ती आपल्या पायाकडं बघत राहिली. मग पश्चिमेच्या खिडकीकडं. मग परत पायाकडं. मला वाटलं रुसली.

जेवणं झाली, आणि ऐन कडक उन्हात पेटारा चालू केला. पश्चिमेच्या खिडकीला तोंड, रेडिएटर पुढं. पंख्यांनी आवाज धरला. मैथिलीनं पडद्यावर तिची नदी आणली, सगळी राखाडी, ठिपक्यांची, आणि काहीतरी दाबून ती वाहायला लावली. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसत होते. एक हिरवा राहिला. दुसरा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल. नदी अडखळायला लागली, उतारावर म्हातारी अडखळते तशी.

मैथिलीनं पडदा हळूच माझ्याकडनं थोडा फिरवला.

“कसं काय?” मी विचारलं. “गार आहे?”

“आहे आत्या.”

“बघू.”

“ठीक आहे सगळं.”

“मला इंग्रजी येत नाही सूनबाई, आकडे येतात. वजनकाट्यावर काय मराठी असतं? फिरव इकडं.”

तिनं फिरवला.

“हा लाल कशाचा?”

“ग्राफिक्स कार्डाचा.”

“तुमच्यात लाल म्हणजे गार?”

तिनं माउसवरचा हात काढून घेतला.

“तुझी नदी पोचेल का आठ दिवसांत?”

“नाही,” ती म्हणाली. आवाज चिरका आला. “तासाभरात मशीन बंद पडेल.”

“मग तू पुण्याला जाणार.”

“हो.”

“आणि हे असं होणार, हे तुला सकाळीच ठाऊक होतं?”

तिनं मान हलवली.

“मग तोंडात काय धरून बसली होतीस?”

“तुम्ही म्हणालात म्हणून—”

“मी म्हटलं म्हणून! मी म्हटलं असतं त्या पेटाऱ्यात भाकरी भाज, तर भाजली असतीस?”

“भाजतेच आहे की!” मैथिली ओरडली. “दुसरं काय करतेय मी सकाळपासनं?”

माग चालू झाल्यासारखा आवाज. विशूच्या हातातनं पेचकस पडला. भाऊजी चहा पीत होते, ते तसेच बशी तोंडाला लावून थांबले.

एकदा सुरू झाली ती थांबेना. “चूक आहे हे, आत्या. पुढं नाही, वर पाहिजे. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमागं इंजिन असतं, पण रेडिएटर त्याच इंजिनाचा असतो. इथं दोन चुली आहेत. एका चुलीची सगळी आच रेडिएटरमध्ये येते, आणि पुढं लावला की ती आच घेऊन वारा थेट दुसऱ्या चुलीवर जातो. कार्डाला गार हवा मिळतच नाही. पुढचे पंखे मोकळे पाहिजेत, नुसती ताजी हवा आत. रेडिएटर वर, झाकणाला, त्याचे पंखे बाहेर फेकणारे. मागचाही बाहेर. वारा पुढनं येईल, वरनं आणि मागनं जाईल. एक वाट यायची, एक जायची. मला माहीत होतं. मी बोलले नाही. कारण या घरात कुणी बोलत नाही.”

“मैथिली,” विशू म्हणाला, “आईशी असं—”

“तू गप,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

ती दचकली. मी दचकले नाही. मी म्हटलं, “मग कर की तुझ्या मनासारखं. बघू काय दिवे लावतीस.”

तिनं यंत्र बंद केलं, काच काढली आणि रेडिएटर सोडवला. पुढचे पंखे नुसते बसवले, रेडिएटर वर चढवला. घाम नाकाच्या शेंड्यावर येत होता, पुसत नव्हती. मधेच हात पुढं केला आणि न बघताच म्हणाली, “पेचकस.” जवळ मी होते. मी दिला. नंतर विशू गावभर सांगत होता, आईनं पेचकस दिला म्हणून. त्याला आणखी काय कामं नसतात.

जोडून झाल्यावर ती देवघरात गेली आणि पेटलेली उदबत्ती घेऊन आली.

“ही धरा,” मला म्हणाली. “इथं, पुढच्या जाळीपाशी. हात हलवू नका.”

“देवाची उदबत्ती आहे ती.”

“देवाला परत लावू. धरा.”

मी धरली. धूर सरळ जाळीत ओढला गेला, जशी पोरं शेवई ओढतात तसा. काचेतनं आत दिसला, कार्डावरनं फिरला, वर चढला आणि झाकणाच्या जाळीतनं बाहेर आला. मैथिली त्या धुराकडं अशी बघत होती, जसं मी चिंधीकडं बघते. डोळे बारीक, ओठ किंचित उघडे. मला पहिल्यांदा कळलं की या पोरीला पगार बघण्याचा मिळतो.

“एक वाट यायची, एक जायची,” भाऊजी पुटपुटले. चहा तसाच गार झाला होता.

मला वाटलं, झालं आता. मी उठायला लागले.

“अजून एक आहे,” मैथिली म्हणाली. “पेटारा या खिडकीत नको.”

आता मात्र मी खरंच बघितलं तिच्याकडं. “का? पश्चिमेच्या वाऱ्यानं तुझं काय घोडं मारलंय? याच वाऱ्यावर हे घर—”

“हा वारा बेदाण्याला चांगला आहे, आत्या. पण तो गंधकाच्या खोलीवरनं येतो.” तिनं पाय थोडा पुढं केला. “माहेरी माझी चांदी वर्षानुवर्षं पांढरी राहायची. इथं धुरीचे दिवस आले की काळी पडते. तुमची निरांजनंही तेव्हाच काळी पडतात, बघा. मागच्या वर्षी दुकानातल्या माणसानं सांगितलं होतं, आत सगळं काळं पडलंय. आपण म्हणालो, उन्हाळा. उन्हानं आतलं तांबं काळं पडत नाही. गंधकानं पडतं. या खिडकीत ठेवला तर कितीही गार राहिला तरी दोन हंगामांत खाऊन टाकेल.”

निरांजनं मी या घरात आल्यापासनं घासत होते. धुरीची खोली बांधल्यापासनं जास्त घासत होते, आणि ते माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मी आपली चांदीला नावं ठेवत होते.

“मग कुठं ठेवतीस?” मी विचारलं.

आता तिचा सगळा दम सरला असावा. ती विशूकडं बघायला लागली. मी म्हटलं, “त्याच्याकडं बघू नको, त्याला ठाऊक नाही. कुठं?”

“घरात सगळ्यात गार जागा,” ती म्हणाली, “माजघराच्या दाराजवळ आहे. पूर्वेच्या भिंतीला. भर दुपारी तिथली फरशी गार असते. धुरीचा वास पण तिथं पोचत नाही.”

“तिथं माझी खाट आहे.”

“हो आत्या. खाट हलवावी लागेल.”

भाऊजींनी बशी खाली ठेवली. विशूनं डोळे मिटले. ती खाट मालकांनी बनवून घेतलेली. घरात काय वाट्टेल ते हलेल, मालकांची खाट आणि मी हलणार नाही, असं मी दर पाडव्याला सांगत आले होते.

मी मैथिलीकडं बघितलं. तिनं नजर खाली केली नाही.

“भाऊजी,” मी म्हटलं, “त्या अंगाला धरा. विशू, तू इकडं. काय मेल्यासारखं उभं राहिलायस? खाट आहे, डोंगर नाही.”

खाट दीड हात सरकली. उरलेल्या जागेत टेबल बसलं, टेबलावर पेटारा, त्याचं तोंड माजघराच्या गार अंधाराकडं. मग नदी परत वाहायला लागली. मी खाटेवर बसून आकड्यांकडं बघत राहिले. हिरवा थोडा वर चढला, “तो चालतो,” मैथिली म्हणाली. दुसरा पिवळ्यापर्यंत गेला, थांबला, आणि तिथंच राहिला.

“लाल?” मी विचारलं.

“होत नाही.”

“बघ परत.”

“होत नाही आत्या,” ती म्हणाली, आणि हसली. दात दाखवून. तिचा एक सुळा दात पुढं आलाय, हे मला त्या दिवशी कळलं.

आठवडाभर पेटारा चालला. दुपारी मी कलंडले की उशाशी त्याची घरघर चालायची, कुणीतरी घोरत असल्यासारखी. इतक्या वर्षांनी खाटेशेजारी कुणीतरी घोरत होतं, वाईट वाटलं नाही. शेवटच्या दिवशी तिनं मला हाक मारून नदी दाखवली. राखाडी ठिपके गेले होते. काळं, फेसाळ पाणी दगडांवर आदळत होतं, पुलाला धडका मारत होतं. पाणी खोटं होतं, पण मी पाय वर घेतले.

“जमलंय?” तिनं विचारलं.

“पुलाखाली पाणी जरा लाजतंय. पुराचं पाणी लाजत नाही.”

पूर्वीची असती तर ‘बरं आत्या’ म्हणाली असती. ती म्हणाली, “तिथं खाली खडक आहे, म्हणून ते मागं वळतं. तुम्हाला दिसत नाही, मला माहीत आहे.”

“मग राहू दे.”

कंपनीनं घरनं काम करायला परवानगी दिली, ते तिनं मला बेदाणा निवडता निवडता सांगितलं. मी म्हटलं, “देठ राहतायत तुझ्या मुठीत, नीट निवड.” भाऊजींनी शेड चालवायला देण्याचा विषय पुन्हा काढला नाही; मी म्हटलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला शेडवर नेलं. चिंध्या फडफडत होत्या. मी विचारलं, “दक्षिणेचा पडदा सोडू का वर ठेवू?” ती म्हणाली, मला यातलं काही कळत नाही. मी म्हटलं, “कळेल. धूर कळतो तिला वारा कळेल. फक्त मला ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणायचं नाही. ते म्हणणारे माझ्याकडं पुष्कळ आहेत.”

आता एवढ्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. रेडिएटर वर पाहिजे, हे मला त्या सकाळी ठाऊक होतं. चुलीपुढं जन्म गेलेल्या बाईला आच कुठं जाते हे कुणी सांगावं लागतं का? धुराडं कधी कुणी उंबऱ्यात बांधलंय? मैथिली वरच्या झाकणाकडं बघत होती, मीही तिथंच बघत होते. मी मुद्दाम पुढं म्हटलं. म्हटलं, बघू. नोकरी जायची वेळ आली तरी ही ‘बरं आत्या’च म्हणणार असेल, तर जाऊ दे पुण्याला, माझ्याकडं भिंती आहेत. आणि बोलली, तर शेड कुणाच्या हातात द्यायचं हा माझा घोर मिटला.

पश्चिमेचं मात्र मला खरंच ठाऊक नव्हतं. ते मी तिला कधी सांगितलं नाही. रेडिएटरचंही नाही सांगितलं, म्हणजे तिला दोन्हींतला फरक कळायचं कारण नाही. सासूनं सगळंच सुनेपुढं मांडायचं नसतं.

आता शेड तीच बघते. सकाळी माळावर, दुपारनंतर पेटाऱ्यापुढं. पेटारा दुसरा आला, तोंड अजून माजघराकडंच आहे, आणि खाट पण जिथं सरकवली तिथंच. गंधकाची खोली तिनं पाडून शेडच्या दक्षिणेला लांब, घराच्या वाऱ्याबाहेर बांधून घेतली. निरांजनं आता वर्षातनं एकदा घासली की पुरतं. आणि बाकी सगळे, भाऊजी, विशू, निवडणाऱ्या बायका, काय म्हणतात सांगू? ‘मैथिली म्हणेल तसं.’

म्हणून तिला नाही म्हणायचं काम मी धरलंय. कुणीतरी करायला पाहिजे.

यंदा मार्चात ती शेडवर उभी राहून म्हणाली, “पूर्वेचे पडदे वर राहू द्या.”

मी खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, “नाही. खाली सोडा.”

बायका थांबल्या. भाऊजींनी सवयीनं मान खाली घातली. मैथिली माझ्याजवळ आली, वाकली, आणि माझ्या पदरावरनं बेदाण्याचं देठ उचलावं तसं करून कानाशी म्हणाली, “आत्या, हे तुमचं रेडिएटरसारखं आहे, का पश्चिमेसारखं?”

माझ्या तोंडात बेदाणा होता. तो मी सावकाश चावला.

“तूच शोध,” मी म्हटलं.

ती हसली, सुळा दात दिसला. तिनं चिंधीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, थोडा वेळ डोळे बारीक केले, आणि बायकांना म्हणाली, “वरच राहू द्या.”

तिचं बरोबर निघालं का, ते मी सांगणार नाही.